पिकअप ट्रकला नवा एक्झॉस्ट बसवून घाटात ओढ वाढते का? सल्ला हवा

ऑस्टिनकर

नमस्कार मंडळी. गाड्यांवर जीव असणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारतोय.

आमच्याकडे २०१९ ची फोर्ड एफ-१५० आहे. ५.० लिटरचं व्ही-८, टर्बो नाही, दहा गिअरचं ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, ॲक्सलचं गिअर गुणोत्तर ३.५५. दीड वर्षापूर्वी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. पाणी आणि सामान भरून तो ६५०० पाउंडांच्या आसपास जातो. टेक्सासात सपाटीवर काही त्रास नाही. पण गेल्या उन्हाळ्यात कोलोराडो स्प्रिंग्जला जाताना राटोन पास लागला, ७८३४ फूट. तिथे गाडीने दमच टाकला. काटा ताशी ४२ मैलांवर अडकलेला, पाय दाबावा तर इंजिन असं ओरडायला लागतं की भीती वाटते. मागे गाड्यांची रांग, बायको गप्प, मुलं गप्प.

येत्या जूनमध्ये बाबा कराडहून येतायत. त्यांना घेऊन डेन्व्हरवरून आय-७० ने ग्लेनवूड स्प्रिंग्जला जायचं आहे. म्हणजे आयझेनहॉवर बोगदा, ११ हजार फुटांच्या वर. बाबांनी २२ वर्षं स्वतःची टाटा ४०७ चालवली, भाजी भरून खंबाटकी उतरून-चढून वाशी मार्केटला. त्यांना शेजारी बसवून गाडी अशी रडताना बघवणार नाही मला.

इथल्या एका दुकानदाराने कॅट-बॅक एक्झॉस्ट, म्हणजे मागचा पाइप आणि सायलेन्सर, बदलायला सुचवलाय. बसवून १४०० डॉलर. ३० ते ४० हॉर्सपॉवर वाढतील आणि गॅलनमागे दोन मैल जास्त मिळतील म्हणतो. आवाज ऐकवला तेव्हा अंगावर काटा आला, व्ही-८ चा तो आवाज मला मनापासून आवडतो. पण पैसे घालायचेत ते घाटासाठी. कुणी बसवलाय का? ओढताना खरंच फरक पडतो का? आणि पडत असेल तर कुठला घ्यावा?

रोहित_ह्यूस्टन

मी तीन वर्षांपूर्वी बसवला. माझा व्ही-८ दुसऱ्या कंपनीचा आहे, हलका भार असला की चार सिलिंडर आपोआप बंद करणारा. आवाज झकास, सिग्नलवरून सुटताना गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. ट्रेलर मी ओढत नाही आणि आधी-नंतर मोजमापही केलेलं नाही, त्यामुळे 'वाटते' एवढंच म्हणतो.

एक इशारा मात्र देतो. हायवेवर ६५ च्या वेगाला, चार सिलिंडरवर गाडी गेली की आत एक खोल घूं घूं सुरू होतं. कानात नाही, छातीत. दोन तासांनी डोकं धरतं. माझी मुलगी मागच्या सीटवर झोपायची ती आता झोपत नाही. बसवण्याआधी याचा विचार करा.

केडी_डॅलस

ऑस्टिनकर, माझी गाडी जवळपास तुमचीच आहे, २०१८ ची ५.० व्ही-८. मी कॅट-बॅक घेतला तेव्हा हट्टाने डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, मोजून घेतलं. एकाच दिवशी, एकाच मशीनवर, आधी तीन रन आणि बसवल्यावर तीन रन, दोन्ही वेळा इंजिन सारखंच तापलेलं. सरासरी आधी ३३४, नंतर ३४१. म्हणजे चाकांवर सात हॉर्सपॉवर, आणि तेसुद्धा ५५०० आरपीएमच्या पुढे. ३००० आरपीएमला दोन्ही रेघा एकमेकींवर बसलेल्या. लक्षात घ्या, हेच मशीन लागोपाठच्या दोन रनमध्ये स्वतःच एक-दोन टक्के इकडेतिकडे दाखवतं. म्हणजे सातातले निम्मे मशीनचेही असू शकतात.

३०-४० चा आकडा कुठून येतो विचाराल तर बहुतेक वेळा तो 'पर्यंत' या शब्दासोबत येतो. किंवा सोबत ट्यून (इंजिनाच्या संगणकाची जुळणी) आणि इनटेक (हवा आत घेणारा भाग) हेही बदललेले असतात आणि श्रेय पाइपला मिळतं. दुकानदाराला सांगा, 'डायनो आलेख द्या, त्याच गाडीचा, त्याच दिवसाचा, फक्त कॅट-बॅक बदललेला.' देऊ शकला तर माझं म्हणणं मागे घेईन.

मायलेज माझं बदललं नाही. पहिले दोन महिने उलट कमी झालं, कारण आवाज ऐकायला मी पाय जास्त दाबत होतो.

यंत्रवेडा

इंजिनांच्या चाचण्यांचं काम मी नऊ वर्षं केलंय, इंडियानात. थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयात जुनी समजूत फार घट्ट बसली आहे.

कॅट-बॅक म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, मागचं सगळं: मधला पाइप, मफलर म्हणजे आपला सायलेन्सर, आणि शेपटी. धूर बाहेर जाताना जिथे खरा अडतो त्या जागा इंजिनाजवळ असतात, मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) आणि कन्व्हर्टर. मागचा पाइप कंपनीने आधीच पुरेसा रुंद दिलेला असतो. १९७५ पासून अमेरिकेत कन्व्हर्टर आले, तेव्हाचे कन्व्हर्टर आणि त्यांच्या मागचे बारीक एकेरी पाइप खरोखर इंजिनाचा गळा आवळायचे. त्या काळातल्या ट्रकवर एक्झॉस्ट बदलला की गाडी जागी व्हायची. ती गोष्ट बापाकडून मुलाकडे आली आणि आजच्या गाड्यांनाही लावली जाते. तुमचं इंजिन कारखान्यातूनच ३९५ हॉर्सपॉवर देतं. गळा आवळलेलं इंजिन ५ लिटरमधून एवढं देऊ शकणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाइपातला अडथळा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह निम्मा झाला की अडथळा चौथाई होतो. ५७०० आरपीएमला, पूर्ण पाय दाबून, जो थोडाफार फायदा दिसतो तो ३००० आरपीएमला जवळपास नाहीसा होतो. आणि ११ हजार फुटांवर हवाच विरळ, म्हणजे पाइपातून जाणारा वायूही कमी. जिथे तुम्हाला ताकद हवी आहे तिथेच या वस्तूकडे द्यायला सगळ्यात कमी आहे.

आता घाटाचा हिशोब मांडू. ट्रक, माणसं, सामान आणि ट्रेलर मिळून १२,८०० पाउंड धरतो, म्हणजे ५८०० किलो. परत येताना, बोगद्याच्या पश्चिमेच्या डिलनकडून चढताना ७ टक्क्यांचा चढ आहे. ताशी ५० मैलांनी हे वजन वर न्यायला नुसत्या चढासाठी १२० हॉर्सपॉवर लागतात. टायर रस्त्यावर घासतात त्याचे २०, आणि ट्रेलरच्या त्या सपाट तोंडावर आपटणाऱ्या हवेचे ३०-३५. चाकांवर १७० ते १७५. गिअरबॉक्स आणि ॲक्सलमध्ये जाणारं धरून इंजिनाकडून साधारण २०५. हाच हिशोब ताशी ६० ला केला तर इंजिनाकडून २६५ लागतात.

दर हजार फुटांमागे बिनटर्बोचं इंजिन सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. ११ हजार फुटांवर तुमच्या ३९५ चे २६५ उरतात. म्हणजे इंजिनाला पूर्ण पिळलंत तर तिथे ६० मैल ही तुमची कमाल मर्यादा. ५० आणि ६० मधला फरक ६० हॉर्सपॉवर, म्हणजे एका मैलाला सहा. केडींनी मोजलेले सात खरे मानले आणि ते सगळेच्या सगळे वर टिकले असं समजलं, तरी १४०० डॉलरमध्ये तुम्ही घाटात ताशी एक मैल विकत घेताय.

रोहित_ह्यूस्टन

बापरे. असा हिशोब कुणी मला आधी दाखवायला हवा होता. एक शंका: इंजिनाला थोडं बॅकप्रेशर, म्हणजे धुराचा उलटा दाब, लागतंच, फार मोकळा पाइप केला तर कमी आरपीएमचा टॉर्क (फिरवण्याची खेच) जातो असं म्हणतात, ते खरं का?

यंत्रवेडा

बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं. लागतो तो वायूचा वेग. एका सिलिंडरमधून सुटलेला वायूचा झोत पुढे पळताना मागे कमी दाब सोडून जातो, आणि त्या ओढीने पुढच्या सिलिंडरचा धूर बाहेर खेचला जातो. ही कामगिरी हेडरच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी बसणाऱ्या, नळ्यांची लांबी आणि जाडी ठरवते. नळ्या फार रुंद केल्या की वेग मंदावतो, खालची खेच जाते, आणि लोक म्हणतात 'बॅकप्रेशर गेलं'. कन्व्हर्टरच्या मागे मात्र या झोतांचा जोर मोडलेला असतो, त्यामुळे कॅट-बॅकने टॉर्क फारसा जातही नाही, येतही नाही.

डेट्रॉईटचे काका

ऑस्टिनकर, मंडळींनी पाइपाचं उत्तर दिलंय. मला तुमच्या गाडीबद्दल तीन गोष्टी विचारायच्या आहेत. टायर कंपनीचेच आहेत का? राटोन चढताना आरपीएम किती होते? टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना लावायचा गिअरबॉक्सचा मोड) लावला होता का?

ऑस्टिनकर

काका, टायर बदललेत. गाडी पुढून थोडी उचलून ३५ इंची ऑल-टेरेन घातले, दिसायला फार छान दिसते. आधीचे २७५/६५ आर १८ गॅरेजमध्ये पडून आहेत, बऱ्यापैकी रबर आहे त्यांच्यावर. आरपीएम मी ३१००-३२०० च्या वर जाऊ दिले नाहीत. त्यापुढे आवाज फार वाढतो, इंजिन खराब होईल म्हणून पाय सोडायचो. टो-हॉल लावलाच नव्हता, तो फक्त फार जड ट्रेलरसाठी असतो असं समजत होतो.

डेट्रॉईटचे काका

सापडलं.

बाळा, तू गाडी चालवायला कुणाकडून शिकलास ते तुझ्या प्रश्नातच आहे. ४०७ चं डिझेल इंजिन खालच्या आरपीएमलाच सगळी ताकद देतं. ते जास्त फिरवलं तर ओरडतं आणि हाती काही लागत नाही. त्या गाडीला वडिलांची सवय अगदी बरोबर होती. हे पेट्रोल व्ही-८ उलट स्वभावाचं आहे. त्याचा कमाल टॉर्क ४०० पाउंड-फूट, तो ४५०० आरपीएमला, आणि ३९५ हॉर्सपॉवर मिळतात ते ५७५० ला. तू ३१०० वर पाय सोडत होतास तेव्हा समुद्रसपाटीलासुद्धा ते इंजिन साधारण २२० च देत असतं. ४५०० ला तेच इंजिन ३४० च्या वर देतं. सव्वाशे हॉर्सपॉवर तुझ्या पायाखाली फुकट पडले होते आणि तू सात विकत घ्यायला निघालास!

४५०० आरपीएमवर पंधरा मिनिटं चढणं हे या इंजिनाला नेहमीचं काम आहे. तेल योग्य, कूलंट भरलेलं, तापमानाचा काटा जागेवर, मग घाबरायचं कारण नाही. मी ३१ वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढली. पूर्ण भाराखाली तासन् तास फिरणारी इंजिनं टेस्ट सेलच्या काचेतून रोज बघितली आहेत.

आता टायर. जुना टायर ३२.१ इंच व्यासाचा. ३५ म्हणून विकतात तो मोजला तर साडेचौतीस भरतो. चाक मोठं झालं की ॲक्सल आपोआप लांब पल्ल्याचा होतो. ३५५ ला ३२१ ने गुणून ३४५ ने भाग, ३३० येतात. म्हणजे ३.५५ चा ॲक्सल ३.३० सारखा वागायला लागला. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ ७ टक्के कमी झाली. एक्झॉस्ट जास्तीत जास्त दोन टक्के देतो आणि तेही वरच्या टोकाला. हे सात टक्के तू निघतानाच देऊन बसलास. वर प्रत्येक टायर जुन्यापेक्षा कितीतरी जड, ते वजन दर वेळी फिरवायचं आणि ब्रेकने थांबवायचं. स्पीडोमीटर जुळवून घेतला नसेल तर तो ६० दाखवतो तेव्हा तू ६४ वर असतोस, हेही सांगून ठेवतो.

गॅरेजमधले जुने टायर चढव. शून्य डॉलर.

यंत्रवेडा

काकांना पूर्ण अनुमोदन, फक्त एक भर. टायरने इंजिनाची कमाल ताकद कमी होत नाही, कारण दहा गिअर आहेत आणि एक खाली उतरलं की भरपाई होते. पण गिअर खाली गेला की आरपीएम उडी मारतात, आणि आवाजाला घाबरणारा चालक नेमका तिथे पाय सोडतो. ऑस्टिनकर, या दोन गोष्टी तुमच्या बाबतीत एकत्र आल्या.

जुन्या टायरवर तिसऱ्या गिअरमध्ये (२.१४६ चा आहे) ताशी ५२ मैलांना साधारण ४१५० आरपीएम येतील. तिथे बसू द्या तिला.

ऑस्टिनकर

काका, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. बाबांचं चालवणं मी लहानपणी शेजारी बसून बघितलंय, ते 'इंजिनाला रडवू नको' म्हणायचे. तेच डोक्यात राहिलं. पेट्रोल इंजिनाचा स्वभाव वेगळा असतो हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

३५ इंची टायरच ठेवायचे असतील तर काही उपाय आहे का? ते दिसतात फार सुंदर.

केडी_डॅलस

आहे, ॲक्सलचे गिअर बदलून ४.१० चे घालायचे. ३५ वर ते ३.८० सारखे वागतात, म्हणजे मूळपेक्षाही सरस. पण फोर बाय फोरला पुढचा-मागचा दोन्ही बदलावे लागतात, मला दोन्ही मिळून २२०० डॉलर पडले. ओढण्याच्या कामाला माझ्या हातून झालेला हा सगळ्यात उपयोगी खर्च, एक्झॉस्टपेक्षा कैक पटींनी. तुमच्याकडे मूळ टायर पडलेत म्हणून तुम्हाला मात्र सुचवणार नाही.

मीरा_बे_एरिया

ऑस्टिनकर, कायद्याचं लिहिते, कारण हा धागा इतरही वाचतील.

कॅट-बॅक कन्व्हर्टरला हात लावत नाही, म्हणून प्रदूषणाच्या कायद्यात अडकत नाही. फक्त आवाजाचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत ते बघा. हेडर आले की गोष्ट बदलते. लांब नळ्यांचे हेडर बसवताना कन्व्हर्टर मागे सरकवावा किंवा काढावा लागतो, आणि रस्त्यावरच्या गाडीत तो काढणं किंवा सरकवणं संघराज्याच्या क्लीन एअर ॲक्टनुसार बेकायदा आहे, राज्य कुठलंही असो. आमच्या कॅलिफोर्नियात तर इंजिनाजवळच्या प्रत्येक बदलाला कार्बचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) मंजुरी क्रमांक लागतो, स्मॉग तपासणीत तो बघतात.

वॉरंटीबद्दलही लोक उगाच घाबरतात. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे, बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून डीलर वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. आणि कन्व्हर्टरवर ८ वर्षं किंवा ८० हजार मैलांची वॉरंटी कायद्यानेच असते. ती असताना तो काढून फेकणं म्हणजे स्वतःचंच नुकसान.

विदर्भवीर_ओक्लाहोमा

सगळे पेट्रोलचं बोलतायत. डिझेल घ्या, डीपीएफ आणि ईजीआर ही धुराचं प्रदूषण रोखणारी यंत्रं काढून सरळ पाइप टाका, मग बघा ओढ. आमच्याकडे शेतावर बरेच जण करतात.

डेट्रॉईटचे काका

दादा, ओढ वाढते हे मी नाकारत नाही. पण हे कृपया कुणाला सुचवू नका. ईपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने) २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असं आढळलं की दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. म्हणजे अशी यंत्रणा घेऊन विकल्या गेलेल्या डिझेल ट्रकांपैकी सुमारे १५ टक्के. त्या गाड्यांच्या पूर्ण आयुष्यात त्यांतून जादा बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडचा अंदाज ५ लाख ७० हजार टनांचा आहे. ते कुणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातं. माझ्या नातवाला दमा आहे. मला या विषयावर शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.

विदर्भवीर_ओक्लाहोमा

काका, नातवाचं वाचून वाईट वाटलं. माझा ट्रक अजून कंपनीचाच आहे, आणि तसाच राहील.

अश्विनी_डेन्व्हर

आय-७० वर दर महिन्याला ट्रेलर नेते, म्हणून खात्रीने सांगते. एक्झॉस्ट विसरा, पेट्रोल नीट भरा. कोलोराडोत पंपावर 'रेग्युलर' म्हणून ८५ ऑक्टेन मिळतं. टेक्सासच्या सवयीने सगळ्यात स्वस्त बटण दाबाल आणि ८५ भराल. तुमच्या गाडीला किमान ८७ लागतं, आणि ट्रेलर ओढताना ९१ भरलेलं चांगलं. हलक्या पेट्रोलवर, उन्हात, भाराखाली इंजिन ठोकायला लागतं आणि संगणक स्वतःच ठिणगी उशिरा टाकून ताकद कमी करतो. कॅट-बॅकने जे मिळणार त्याहून जास्त तुम्ही एका चुकीच्या नळीवर गमावाल.

दुसरं, चढण्यापेक्षा उतरण्याची काळजी जास्त घ्या. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांचा लांब उतार आहे. टो-हॉल बोगद्याच्या आतच लावलेला असू द्या, म्हणजे गाडी गिअरवर रोखली जाते. ट्रेलरचे ब्रेक नीट जुळवून घ्या. उतारावर ब्रेक तापल्याचा वास मी दर उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या गाड्यांचा घेते, छातीत धस्स होतं. रविवारी दुपारी डेन्व्हरकडे परतू नका, सगळं शहर डोंगरातून खाली येत असतं.

आणि दाराच्या खांबावरचा पिवळा स्टिकर वाचलाय का? त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतात ते असतं. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, येतो, तो त्यातूनच वजा होतो. बाबा, तुम्ही दोघं, मुलं आणि मागचं सामान, बेरीज करून बघा.

सांगलीकर

भारतातून लिहितोय. माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आहे, १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस. इथेही दुकानदार 'फ्री फ्लो' च्या नावाखाली हेच गाणं गातात. टर्बो डिझेलमध्ये मागचा सायलेन्सर बदलून आवाजाशिवाय फार काही बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असे फेरफार करता येत नाहीत. पुण्यात, नागपुरात पोलीस जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात, ते सगळ्यांनी बघितलंय. मी तरी मूळचाच ठेवलाय. विमा कंपनीशी नंतर भांडण नको.

ऑस्टिनकर

अश्विनीताई, स्टिकर पहिल्यांदाच वाचला. १५२० पाउंड. हिचवर ८००, आम्ही सगळे मिळून ६१०. उरले ११०! मागच्या वेळी ट्रकात जनरेटर, सायकली, लाकडं होती, म्हणजे आम्ही नक्कीच जास्त भरलं होतं. सायकली यंदा घरीच राहतील.

एक्झॉस्ट आत्ता घेत नाही. पण आवाजाचं वेड गेलेलं नाही. पुढेमागे नुसत्या आवाजासाठी घ्यायचा झाला तर कशात काय बघायचं, ते सांगून ठेवा.

यंत्रवेडा

आवाजासाठी घ्या, त्यात काही वावगं नाही, फक्त त्या मापाने पैसे मोजा.

धातू आधी बघा. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पोलाद सगळ्यात स्वस्त, टेक्सासात बरीच वर्षं टिकेल. डेट्रॉईटकडे, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे ४०९ किंवा ३०४ स्टेनलेस. ३०४ मध्ये क्रोमियम-निकेल जास्त, महाग, आणि सहसा चुंबक चिकटत नाही. दुकानात खिशात छोटं चुंबक घेऊन जा.

मफलर सरळ जाळीच्या नळीचा असेल तर आवाज मोकळा आणि गोड, कप्प्यांचा असेल तर जुन्या अमेरिकन गाड्यांसारखा खरखरीत. रोहित म्हणतात तो घूं घूं आवाज मात्र गणिताने टाळता येतो. व्ही-८ मध्ये दर फेऱ्याला चार स्फोट. १८०० आरपीएमला सेकंदाला १२० होतात, म्हणजे १२० हर्ट्झ. तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला साधारण ५०० मीटर धावतो, म्हणजे लहर चार मीटरच्या थोडी वर. तिच्या चौथाई लांबीची, म्हणजे एक मीटरभर, टोक बंद केलेली नळी पाइपाला फांदीसारखी जोडली की परत येणारी लहर मूळ लहरीला मारते. याला जे-पाइप म्हणतात, चांगला वेल्डर कमी पैशांत करून देतो. रोहित, तुमची गाडी चार सिलिंडरवर गेली की हर्ट्झ निम्मे होतात आणि नळी दोन मीटरची लागते. ती गाडीखाली मावत नाही, म्हणून तुमच्याकडे ते जातच नाही. तुमच्यासाठी झडपेचा, आवाज कमी-जास्त करता येणारा मफलर बरा.

रोहित_ह्यूस्टन

तीन वर्षं मला वाटत होतं की फिटरने बसवताना काहीतरी चुकवलं. आता कळलं. जुना सायलेन्सर ठेवलाय, या शनिवारी परत चढवतो. लेकीला झोपू दे.

केडी_डॅलस

शेवटचं माझ्याकडून: यूट्यूबवरचा आवाज ऐकून घेऊ नका, तो गाडीच्या मागे माइक धरून घेतलेला असतो. तुम्ही बसणार केबिनमध्ये. कुणाच्या तरी गाडीत बसून हायवेवर अर्धा तास जा. ह्या बाजूला आलात तर माझीच गाडी आहे, चहाही होईल.

ऑस्टिनकर

(जुलै) परत आलो. वृत्तांत देतो.

जुने टायर चढवले, ३५ इंची विकून टाकले. सायकली, लाकडं घरी. राटोनला टो-हॉल लावला, ९१ भरलं, आणि पाय सोडायचा नाही असं ठरवून चढलो. गाडी तिसऱ्यात गेली, आरपीएम ४४०० च्या आसपास, काटा ५५ वर. मागच्या वर्षीचे ४२ आठवत होते. बाबा शेजारी. पहिल्या मिनिटाला म्हणाले, "वरचा गिअर टाक की, फाटेल ते." मी म्हटलं, बाबा, हे पेट्रोल आहे, याचा जीव वर असतो. ते काही बोलले नाहीत. माथ्यापर्यंत तापमानाच्या काट्याकडे बघत बसले. काटा हलला नाही.

डेन्व्हरकडून बोगद्याकडे चढताना ५२-५३ मिळाले. यंत्रवेडा, तुमचे ४१५० जवळपास तंतोतंत आले, बायकोने फोटो काढून ठेवलाय. येताना डिलनकडून ७ टक्क्यांवर ५० च्या किंचित खाली आलो, उजव्या लेनमध्ये ट्रकांबरोबर, निवांत.

पण मला सांगायचंय ते उताराचं. बोगद्यातून बाहेर पडलो, समोर सगळा डोंगर खाली उतरत गेलेला. बाबांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला, खंबाटकीची सवय. "ब्रेकवर पाय नको ठेवू, गिअरवर सोड," ते म्हणायला आणि गाडीने स्वतःहून गिअर खाली घ्यायला एकच गाठ पडली. इंजिन घुमलं, ट्रेलर मागून ढकलायचा थांबला. बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "शहाणी आहे."